गलेरा क्लस्टरमधला मेलेला नोड परत उभा करताना

पावसात गोव्यात लाईटचा काही भरवसा नाही, एक वीज जवळ पडली की यूपीएस ओरडायला लागतो आणि आपण जीव मुठीत धरून बसायचं. आमच्या पणजीच्या ऑफिसात मारियाडीबी डेटाबेसचा तीन नोडचा गलेरा क्लस्टर आहे, म्हणजे तीन सर्व्हर आणि तिघांवर तोच डेटा, आणि चवथीच्या आदल्या रात्री त्यातला तिसरा नोड गेला, डिस्कच गेली. सगळी मंडळी माटोळी (गणपतीवरची फळांची सजावट) बांधायला आपापल्या गावी, ऑफिसात मी एकटा. त्या रात्रीवरून जे कळलं ते लिहितोय, कुणाला तरी अशीच रात्र येईल तेव्हा उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मेलेला नोड कुठे पळून जात नाही, काळजी घ्यायची ती उरलेल्या दोघांची. तीनमधला एक गेला की दोघांचं बहुमत असतं म्हणून अ‍ॅप चालू राहतं आणि लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. पण आता क्लस्टर दोनचा झालाय, त्यातला अजून एक अचानक पडला तर उरलेला एकटा म्हणजे दोनातला अर्धा, ते बहुमत नाही, मग तो नॉन-प्रायमरी होतो आणि क्वेरी घ्यायचंच बंद करतो. (नीट स्टॉप करून काढला तर असं होत नाही, तो सांगून जातो म्हणून बाकीचे आकडा कमी करून पुढे चालतात.) त्यामुळे त्या रात्री दोन चांगल्या नोडवर अपडेट, रीस्टार्ट, कॉन्फिग बदलणं असलं काहीही करू नका.

दोन्ही जिवंत नोडवर स्टेटस बघा. डब्ल्यूसरेप क्लस्टर स्टेटस प्रायमरी पाहिजे, क्लस्टर साईझ २ आणि लोकल स्टेट सिंक्ड, म्हणजे बाकीच्यांशी डेटा जुळलेला. आदल्या रात्रीचा बॅकअप खरंच झालाय का, फाईलची साईझ काय, तेही बघून घ्या. लोड बॅलन्सरमधून (नोडांमध्ये ट्रॅफिक वाटणारा, आमच्याकडे एचएप्रॉक्सी) मेलेला नोड हाताने काढा, नाहीतर तो अर्धवट उठला की एचएप्रॉक्सीला पोर्ट ३३०६ उघडा दिसतो आणि ट्रॅफिक तिकडे जायला लागतं.

आता सगळ्यात मोठी चूक. घाईत लोक मेलेल्या नोडवर ग्रास्टेट फाईल (नोड आपली शेवटची स्थिती जिथे लिहितो ती) उघडतात, सेफ टू बूटस्ट्रॅपच्या पुढे ० असतो त्याचा १ करतात आणि गलेरा न्यू क्लस्टर कमांड मारतात. कृपा करून हे करू नका. ती कमांड सगळेच्या सगळे नोड बंद असतील तेव्हाची आहे, आणि तेव्हासुद्धा ज्याच्याकडे सगळ्यात पुढचा डेटा आहे त्या एकावरच. दोन नोड चालू असताना तिसऱ्यावर ती मारली की तो स्वतःचा वेगळाच क्लस्टर काढून बसतो, अ‍ॅप त्याला जोडलेलं असेल तर काही एंट्र्या इकडे काही तिकडे, आणि मग त्या जुळवायच्या म्हणजे अक्षरशः हाताने एकेक ओळ बघत बसायचं. परत येणाऱ्या नोडला फक्त साधा स्टार्ट द्यायचा, बाकीच्यांचे पत्ते कॉन्फिगमधल्या जीकॉमच्या ओळीत असले की तो आपणच त्यांना शोधतो.

डिस्क शाबूत असेल, नुसती लाईट जाऊन नोड पडला असेल तर आधी साधा स्टार्ट देऊनच बघा. ग्रास्टेटमध्ये सीक्नो (शेवटच्या बदलाचा क्रमांक) -१ दिसला म्हणून घाबरू नका, क्रॅश झाल्यावर तो तसाच असतो, सुरू होताना रिकव्हरी इनोडीबीमधून (मारियाडीबीचं स्टोरेज इंजिन) खरी पोझिशन काढते. मधल्या काळातले बदल डोनरच्या, म्हणजे डेटा देणाऱ्या नोडच्या, जीकॅशमध्ये (अलीकडचे बदल साठवायची जागा) अजून शिल्लक असतील तर आयएसटी होते, म्हणजे फक्त फरक पाठवला जातो. नसतील तर एसएसटी, म्हणजे पूर्ण डेटा नव्याने.

आमची डिस्क गेली होती म्हणून एसएसटीच. नवी डिस्क घातली, ओएस टाकली, मारियाडीबी आणि गलेरा लायब्ररी बाकीच्या दोघांच्याच व्हर्जनची टाकली. नवीन मिळतंय म्हणून पुढचं व्हर्जन टाकू नका. कॉन्फिग दुसऱ्या नोडवरून कॉपी करा पण नोडचं नाव आणि नोडचा पत्ता बदला, हे हमखास राहून जातं. फायरवॉलवर ३३०६, ४५६७, ४५६८ आणि ४४४४ हे चारही एकमेकांसाठी उघडे हवेत.

एसएसटीची पद्धत मारियाबॅकअप ठेवा. डीफॉल्ट आरसिंक असतं, त्यात कॉपी होईपर्यंत डोनरवर लिहिणं अडून राहतं, म्हणजे दोनातलाही एकच कामाचा उरला. मारियाबॅकअपला दोन्हीकडे सोकॅट (नेटवर्कवरून डेटा पाठवणारं टूल) लागतं, आणि एसएसटीचा यूजर-पासवर्ड बरोबर लागतो, निम्म्या वेळा गाडी तिथेच अडते. डोनर कोण तेही आपणच ठरवा, ज्याच्यावर ट्रॅफिक कमी त्याचं नाव एसएसटी डोनरमध्ये लिहा आणि पुढे एक स्वल्पविराम द्या, म्हणजे तो नाही मिळाला तर दुसरा चालेल. तेवढा वेळ त्या डोनरचा लोड एचएप्रॉक्सीत कमी करा.

मग स्टार्ट, आणि दुसऱ्या खिडकीत दोन्हीकडचे एरर लॉग उघडे ठेवा. जुन्या व्हर्जनवर सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा) ९० सेकंदांत सर्व्हिस मारून टाकतो, तिथे टाइमआउट आधीच वाढवा.

इथे आमचे दोन तास गेले. डेटा साधारण ८० जीबी, गिगाबिट नेटवर्कवर कागदोपत्री बारा-तेरा मिनिटांचं काम. अर्धा तास झाला तरी जेमतेम पाव हिस्सा झालेला, ईथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर लिंक १०० एमबीपीएसवर! आमच्याकडचं खारं वारं आणि पावसाची ओल, केबलच्या टोकाच्या पिना हिरव्या पडलेल्या. केबल बदलायची तर चालू कॉपी तुटणार होती, मी ती तशीच चालू दिली, आणि ते चुकलं, थांबवून केबल बदलली असती तर कितीतरी आधी सुटलो असतो. तुम्ही स्टार्ट द्यायच्या आधीच लिंकचा स्पीड बघा, तिन्ही नोडवर.

कॉपी संपली की लगेच सिंक्ड दिसत नाही, आधी प्रिपेअर होतं (आलेली कॉपी वापरण्याजोगी होते), मग मधल्या वेळचे राहिलेले बदल लागतात, तोपर्यंत जॉइनर आणि मग जॉइन्ड दिसेल. वाट बघा, मध्ये मारू नका, मारलात तर परत पहिल्यापासून. शेवटी तिन्हीकडे साईझ ३, क्लस्टरचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तोच आणि लास्ट कमिटेड (शेवटच्या लागलेल्या बदलाचा क्रमांक) बरोबरीने पुढे सरकतोय हे बघा. रिसीव्ह क्यू (आलेले पण अजून न लागलेले बदल) शून्यावर आली की नोड लोड बॅलन्सरमध्ये घ्या पण थोड्याच ट्रॅफिकने, बफर पूल (मेमरीतली डेटाची जागा) रिकामा असतो त्यामुळे सुरुवातीला क्वेरी जड जातात.

सगळं शांत झाल्यावर जीकॅशचं बघा, डीफॉल्ट फक्त १२८ एमबी आहे. रेप्लिकेटेड बाइट्स आणि रिसीव्ह्ड बाइट्सची बेरीज एका मिनिटात किती वाढते ते मोजा. समजा मिनिटाला ३ एमबी वाढते, म्हणजे १२८ एमबी पाऊण तासही पुरत नाही, लाईट तासभर गेली की पूर्ण एसएसटीच नशिबी. रात्रभराचे दहा तास धरले तर १.८ जीबी होतात, आम्ही ३ जीबी ठेवला. बदल लागायला रीस्टार्ट लागतो, तो एकेक नोड करून, आधीचा सिंक्ड झाल्यावरच पुढचा.

आणि ती मेलेली डिस्क टेबलावर पडलेली असेल ती भंगारवाल्याला देऊ नका, चालत नसली तरी लोकांचा डेटा तिच्यावर आहेच, आम्ही तिच्या प्लेटांना ड्रिलने भोकं पाडून मगच ई-कचऱ्यात दिली.