स्पेशियल इकॉनॉमिक्सचं मॉडेलिंग शिकताना मी कुठे अडकले

स्पेशियल इकॉनॉमिक्स म्हणजे माल, कारखाने, माणसं कुठे जातात आणि का, याचं अर्थशास्त्र. या विषयात नवीन असाल तर थेट अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमनच्या १९९१ च्या मॉडेलवर (कारखाने एकाच प्रदेशात का गोळा होतात ते सांगणारं) उडी मारू नका. मी मारली, आणि तीन आठवडे कोडमध्ये नसलेला बग शोधत बसले.

आधी दोन बाजार घ्या, अ आणि ब, माल एकच. वाहतूक बंद असताना अ मध्ये भाव १०, ब मध्ये २२. अ मधून एक नग ब ला गेला की अ चा भाव १ ने चढतो, ब चा १ ने उतरतो असं धरा, आणि वाहतूक नगामागे ४. कागदावर करून बघा, ४ नग जातात, भाव १४ आणि १८ वर थांबतात, फरक बरोबर वाहतुकीएवढा. आता वाहतूक १५ करा, माल हलतच नाही, भाव १० आणि २२ च राहतात. म्हणजे माल जात असेल तर फरक खर्चाएवढाच, आणि फरक खर्चापेक्षा कमी असेल तर माल शून्य. हे ‘एकतर हे नाहीतर ते’ म्हणजेच कॉम्प्लिमेंटॅरिटी, सगळा खेळ त्यातच आहे, पण मी ते नुसतं वाचून पुढे गेले होते. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युअलसननं १९५२ मध्ये दाखवलं की हाच प्रश्न मॅक्झिमायझेशन (एखादी राशी जास्तीत जास्त करणं) म्हणूनही सोडवता येतो, म्हणून ऑप्टिमायझेशन (अटी पाळून सर्वात चांगलं उत्तर काढणं) नीट शिकून घ्या, कॅल्क्युलसपेक्षा तेच जास्त लागतं.

आता क्रुगमनच्या मॉडेलमधला माझा ‘बग’. दोन प्रदेश, वाहतूक स्वस्त, कामगार जिथे खरा पगार (तिथल्या भावांच्या मानानं पगार) जास्त तिकडे जाणार. सुरुवातीला पहिल्या प्रदेशातला कामगारांचा वाटा ०.५ ठेवला तर काहीच हललं नाही, ०.५१ ठेवला तर सगळे कारखाने पहिल्या प्रदेशात, ०.४९ ठेवला तर सगळे दुसऱ्यात! मी कोड तीनदा लिहिला. मग गाईड म्हणाले, अगं कोड बरोबरच आहे, या मॉडेलला एकापेक्षा जास्त इक्विलिब्रियम (जिथे पोचल्यावर कुणालाच हलावंसं वाटत नाही अशा स्थिती) असतात आणि मधलं अस्थिर आहे. मी आपलं इक्विलिब्रियम म्हणजे एकच उत्तर असं धरून चालले होते.

आणि काही वेळा तर एकही नसतं. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थतज्ज्ञानं १९२९ मध्ये म्हटलं की दोन विक्रेते एकमेकांना चिकटून उभे राहतील, १९७९ मध्ये दाखवलं गेलं की त्याच्या गृहीतकांत ते फार जवळ आले, पण अगदी एकाच जागी नसले, तर भावाचं इक्विलिब्रियमच उरत नाही, कारण थोडा भाव पाडून समोरच्याचं सगळं गिऱ्हाईक ओढता येतं. पन्नास वर्षं लागली हो हे सापडायला, त्यामुळे माझ्या तीन आठवड्यांचं फार वाईट वाटत नाही. आता मात्र कुठलंही मॉडेल आधी आठ-दहा वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवून बघते, मगच कोडला शिव्या घालते.