जनसुनावणीत गावाची बाजू: माइक हातात येण्याआधीची तयारी

गावाजवळ खाण, सिमेंट कारखाना किंवा साखर कारखान्याची आसवनी (डिस्टिलरी) येणार असेल, तर पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार बहुतेक वेळा जाहीर जनसुनावणी होते. किमान 30 दिवस आधी दोन वर्तमानपत्रांत सूचना येते आणि तेवढाच काळ तयारीला मिळतो. मंचावर जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रतिनिधी असतात. प्रकल्प मंजूर की नामंजूर, हे ते तिथे ठरवत नाहीत. पुढे केंद्राची किंवा राज्याची तज्ज्ञ समिती बसते, तेव्हा तिच्यासमोर गावाच्या वतीने असते ते सुनावणीचे इतिवृत्त. त्यामुळे प्रत्येक वाक्य इतिवृत्तात उतरेल अशाच बेताने तयार करायचे.

सूचना दिसताच तिचे कात्रण तारखेसह जपून ठेवा आणि प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे मांडणारा मसुदा अहवाल मिळवा. तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत पाहायला ठेवावा लागतो. मराठीत बहुधा फक्त सारांश मिळतो, मूळ अहवाल इंग्रजीत आणि शेकडो पानांचा असतो. सारांशावर थांबू नका, चुका सापडतात त्या मूळ अहवालात. पाणी, हवा, वाहतूक, जमीन आणि लोकवस्ती अशी प्रकरणे गावातल्या शिकलेल्या पोरापोरींत वाटून द्या. साधारण 10 किलोमीटर परिघाचा नकाशा समोर ठेवून शिवार फिरा. नकाशात ओढा आहे का, पाण्याचे नमुने कोणत्या विहिरीतून आणि कोणत्या महिन्यात घेतले, शाळा आणि वाडी किती अंतरावर दाखवली आहे, हे ताडून पाहा. फरक सापडला की पान क्रमांक, अहवालातले वाक्य आणि खरी परिस्थिती एका वहीत तीन रकान्यांत लिहा. समोर पुरावा जोडा: सातबारा, गावनकाशा, तारीख दिसेल असा विहिरीचा फोटो. सुनावणीआधी ग्रामसभा घेऊन ठराव करा आणि ठराव क्रमांकासह त्याची प्रत सचिवांच्या सहीने घ्या.

मग बोलणाऱ्यांची वाटणी. बहुतेक गावांचा घोळ इथेच होतो. दहा जण उठतात आणि दहाही जण ‘प्रकल्प नको’ म्हणतात, मग इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी विरोध दर्शविला’ एवढी एकच ओळ उरते. एका माणसाला एकच मुद्दा द्या आणि तो तीन मिनिटांत बसवा. नाव, गाव आणि गट नंबर आधी, मग पान क्रमांक, मग वस्तुस्थिती आणि शेवटी नेमकी मागणी. उदाहरणार्थ: ‘अहवालाच्या अमुक पानावर खाणीपासून एक किलोमीटरच्या आत विहीर नाही असे लिहिले आहे. माझी विहीर साडेतीनशे मीटरवर आहे, सातबाऱ्यावर तिची नोंद आहे. भूजलाचा अभ्यास पुन्हा करावा आणि कंपनीने याचे उत्तर आत्ता द्यावे.’ अशा मुद्द्याला कंपनीला बगल देता येत नाही, कारण हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पधारकाकडून खुलासा मागण्याचा हक्क आहे. पाणी भरणाऱ्या बायकांना पाण्यावर बोलू द्या, त्यांचा मुद्दा पुढाऱ्याच्या तोंडी घालू नका. टाचण मोठ्या अक्षरात लिहा आणि घड्याळ लावून दोनदा मोठ्याने म्हणवून घ्या. आवाज चढला की वाक्य तुटते आणि लिहून घेणाऱ्याच्या हातून मुद्दा निसटतो.

बहिष्काराचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या: या सुनावणीला गणसंख्येची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. सभा उधळली तर बातमी गोंधळाची होते आणि विहिरीचा मुद्दा मागे पडतो.

प्रत्येक मुद्द्याचे लेखी निवेदन वेगळे करा. दोन प्रती घ्या, एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. माइक मिळालाच नाही तरी हा कागद पोचतो.

वार्ताहरांसाठी दोनच प्रवक्ते ठरवा आणि आकडे दोघांचेही एकच असू द्या. प्रेसनोट आदल्या दिवशी लिहून तयार ठेवा, दोनशे-अडीचशे शब्दांची. पहिल्या वाक्यात सर्वांत ठोस त्रुटी, मग मागणी, मग प्रवक्त्याचे नाव आणि फोन. ती युनिकोड मजकूर म्हणून पाठवा, कागदाचा फोटो पाठवला तर वार्ताहराला सगळे पुन्हा टाइप करावे लागते. तालुक्याचे पान लवकर लागते, म्हणून सुनावणी लांबली तरी दुपारीच पहिली बातमी द्या. ‘विनाश’, ‘षडयंत्र’ असे शब्द गाळा, साडेतीनशे मीटर हा आकडा पुरेसा बोलतो.

सुनावणी संपली म्हणून लगेच उठू नका. इतिवृत्ताचा गोषवारा तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. वही उघडून एकेका मुद्द्यावर खूण करत ऐका, राहिलेला मुद्दा त्याच क्षणी उभे राहून नोंदवायला लावा. कामकाजाचे चित्रीकरणही होते, त्याची प्रत लेखी मागा. नंतर इतिवृत्त ग्रामपंचायतीत किंवा मंडळाच्या संकेतस्थळावर लागले की ते पुन्हा ताडा आणि चूक दिसल्यास मंडळाला पत्र द्या. प्रकल्पाला मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलासाठी 30 दिवस असतात. सबळ कारण दाखवले तर आणखी 60 दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते. महाराष्ट्रासाठी खंडपीठ पुण्यात आहे, आणि तिथे लागणारी पहिली कागदपत्रे म्हणजे ती पोच आणि ती तीन रकान्यांची वही.