कोल्ड फ्यूजन घरी ट्राय करताय? आधी आत गेलेली वीज नीट मोजा

कोल्ड फ्यूजन म्हणजे साध्या तापमानालाच अणुकेंद्रं जुळून ऊर्जा मिळते हा दावा. २३ मार्च १९८९ ला फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत युटाह युनिव्हर्सिटीत जाहीर केलं की जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेल्या) पॅलेडियम या महागड्या धातूची कांडी ठेवून वीज सोडली तर घातली त्यापेक्षा जास्त उष्णता मिळते, आणि तेव्हापासून भांडण सुरूच आहे. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षी प्रयोग झाले होते. पॅलेडियम आणि जड पाणी आपल्या खिशाला परवडत नाही, म्हणून घरी लोक निकेलची तार, साधं डिस्टिल्ड वॉटर आणि पाण्यातून वीज वाहावी म्हणून पोटॅशियम कार्बोनेट घेऊन, हे सगळं एका बरणीत घालून बसतात (हाच सेल).

सगळे थर्मामीटरकडे बघत बसतात, पण चूक बहुतेक वेळा आत गेलेल्या विजेच्या हिशोबात असते.

पॉवर सप्लाय कॉन्स्टंट करंटचा (करंट ठरलेला ठेवणारा) घ्या, ०.५ अँपिअर पुरे. मीठ टाकू नका (क्लोरीन सुटतो), स्टीलचा चमचा इलेक्ट्रोड म्हणून नको (विषारी क्रोमियम उतरतं), आणि हायड्रोजन निघतो म्हणून खिडकी उघडी, जवळपास गॅस-काडेपेटी नको.

आता करंट. मायनसच्या वायरमध्ये ०.१ ओहमचा, १ टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर टाका, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुठेही मिळतो. त्याच्यावर ५० मिलिव्होल्ट दिसले म्हणजे ०.५ अँपिअर. व्होल्टेज मात्र सप्लायच्या डिस्प्लेवर वाचायचं नाही, बरणीत शिरणाऱ्या तारांवरच वेगळ्या दोन वायरी लावून मोजायचं. तिथे समजा ४ व्होल्ट आले तर ४ × ०.५ = २ वॅट, म्हणजे तासाला ७२०० ज्यूल. पाणी तापलं, बुडबुडे वाढले की व्होल्टेज सरकतं, त्यामुळे दर मिनिटाला रीडिंग घ्या आणि सगळं जोडा, एकच आकडा धरून तासभर गुणू नका.

यातला काही भाग पाणी फोडून गॅस करण्यात जातो, साध्या पाण्यासाठी १.४८ व्होल्ट गुणिले करंट, म्हणजे इथे ०.७४ वॅट. बरेच जण हे इनपुटमधून वजा करतात, पण गॅस बरणीतच परत जुळून पाणी झाला तर ती उष्णता आतच राहते आणि फुकटची ऊर्जा सापडली असं वाटतं. म्हणून पहिला हिशोब वजा न करता करा. त्यातही जास्त आलं तरच पुढे बोलू.

मग कॅलिब्रेशन: त्याच बरणीत, तेवढ्याच पाण्यात ८ ओहमचा रेझिस्टर (जोड नीट सील करून) बुडवा, २ वॅट द्या, तापमान किती वर जाऊन थांबतं ते लिहा, सेलची उष्णता मग त्याच्याशीच ताडायची. माझी इथेच फजिती झाली. रेझिस्टरच्या वेळी मी व्होल्टेज सप्लायच्या डिस्प्लेवरून घेतलं, ४.६ दिसत होतं, ०.६ व्होल्ट स्वस्तातल्या क्रोकोडाइल क्लिपांच्या वायरीत जात होते. म्हणजे २ वॅटची गरमी मी २.३ वॅटची म्हणून लिहिली. नंतर सेल मात्र बरणीजवळ मोजला, वर १.४८ वजाही केले आणि लगेच १५ टक्के जास्त ऊर्जा! दोन दिवस हवेत होतो.

पल्स (थांबून थांबून वीज) देणार असाल तर मल्टीमीटर विसराच. १० व्होल्ट, १ अँपिअर, पण १० टक्के वेळच चालू असेल तर सरासरी व्होल्टेज १ आणि सरासरी करंट ०.१, गुणाकार ०.१ वॅट, खरी पॉवर मात्र १ वॅट, म्हणजे नुसत्या गुणाकारात दहापट चमत्कार. ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) क्षणोक्षणी व्होल्ट गुणिले करंट करून मग सरासरी काढायची. स्कोप नसेल तर पल्स सर्किटच्या आधी मोठा कपॅसिटर टाका आणि सप्लाय ते कपॅसिटर या बाजूला मोजा, तिथे डीसी बऱ्यापैकी सपाट असतो. सर्किटमध्ये वाया जाणारी वीजही त्यात धरली जाते, म्हणजे चूक झालीच तर इनपुट जास्त दिसण्याकडे होईल, आणि आपल्याला तेच हवंय.