नळी सुटायची वाट बघू नका! कमी दिवसांच्या बाळाला अंगावर घेताना या चुका टाळा

"सिस्टर, अजून दुधाची नळी आहे ना, मग आत्ताच कशाला अंगावर घ्यायचं?" एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हे मी सारखं ऐकते, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गरोदरपणाचे दिवस धरून साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसतो, हे खरं. पण सवय त्याआधीच लावायची असते. डॉक्टरांनी हो म्हटलं की बाळाला कांगारू पद्धतीने उघड्या छातीशी धरा. दूध काढून मोकळा केलेला स्तन, नळीतून दूध जात असतानाच, त्याच्या ओठांशी न्या. आज नुसतं चाटेल, उद्या दोनदा चोखून झोपेल. पोट भरतंय आणि नाकाशी आईचा वास आहे, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ झालं.

बाळ ओढत नाही म्हणून दूध काढणं सोडू नका. नाहीतर बाळ तयार होईपर्यंत दूध आटतं. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला लागा. 24 तासांत किमान 8 वेळा, त्यात एकदा रात्री. सुरुवातीला चमचाभरही निघत नाही. ते थेंबही बाळाचेच. तरी कमी पडलं, तर मातृदुग्ध पेढीबद्दल, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं त्या पेढीबद्दल, विचारा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती 1989 पासून आहे.

"चोखत नाही तर बाटली द्या," असं घरचे काळजीपोटीच म्हणतात. पण बाटलीची सवय लागली की स्तन धरायला बाळ कंटाळतं. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा पलाडाईने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) द्या, थोडं थोडं, बाळाला गिळायला वेळ देत.

धरताना डोकं मागून स्तनावर दाबू नका, बाळ पाठ ताणून मागे जातं. डाव्या बाजूला पाजताना उजव्या हाताने मान आणि खांदे सावरा, तोंड मोठं उघडलं की जवळ घ्या. नाकपुड्या फुलल्या, बोटं ताठ झाली, की थांबा. ओठ निळसर दिसले, तर तिथल्या तिथे सिस्टरना हाक मारा.

नळीचं दूध एकदम बंद करायचा आग्रह धरू नका. ते वजन बघत टप्प्याटप्प्याने कमी होतं. आणि बाळ रडेल मग पाजू, असंही नको. ही बाळं भुकेनेही झोपूनच राहतात. दर 2-3 तासांनी उठवा. घरी गेल्यावर मध, घुटी, पाणी काही नको. लंगोट कमी ओले होऊ लागले किंवा बाळ उठवूनही उठेना, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या.