रिमोट आपटणं, फोन तांदळात पुरणं, माईकच्या भोकात पिन घालणं... या चुका टाळा

रिमोट चालेनासा झाला की आपला हात आपोआप काय करतो बघा, आधी तो तळहातावर दोन-तीनदा आपटतो, मग मागचं झाकण सरकवून अंगठ्याने सेल जागच्या जागी फिरवतो, आणि बऱ्याचदा रिमोट चालूही होतो. म्हणून पुढच्या वेळी परत आपटाआपटी. पण तो चालू झाला सेल फिरवल्यामुळे. सेलचं टोक स्प्रिंगवर घासलं गेलं, तिथे चढलेला बारीक थर निघाला आणि करंट जायला लागला. दोष कॉन्टॅक्टमध्ये होता, सुक्या कापडाने नाहीतर खोडरबराने ती पत्री आणि स्प्रिंग घासली असती तरी काम झालं असतं. आपटून आपटून मात्र आतल्या बारीक पार्टचे टाके सुटतात आणि मग तो रिमोट खरंच जातो.

हे एवढं सांगतोय कारण घरातल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं असंच होतं. बिघाड असतो कचऱ्याचा, ढिल्या कॉन्टॅक्टचा, नाहीतर चुकून बदललेल्या सेटिंगचा, आणि वस्तू कायमची जाते ती आपण घाईघाईत केलेल्या उपायाने. चांगला चालणारा फोन असा वाया गेलेला बघितला की मला खरंच वाईट वाटतं. आधी बिघाड नेमका कुठल्या बाजूला आहे ते शोधा, हात नंतर लावा.

रिमोटच्या बाबतीत हे शोधायला एक मिनिट लागतं. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, शक्यतो सेल्फी कॅमेरा, कारण मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटमधून निघणारा न दिसणारा प्रकाश, अडवणारा फिल्टर असतो. रिमोटचं पुढचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबून ठेवा. टोकाचा तो छोटा बल्ब स्क्रीनवर जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसेल. रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, आपल्या डोळ्याला तो दिसत नाही पण कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. आधी एखाद्या चालू रिमोटवर हे करून बघा म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात दिसतं की नाही ते कळेल. लुकलुक दिसली तर रिमोट प्रकाश सोडतोय, मग आधी टीव्हीकडे बघा, त्याच्या खालच्या पट्टीतल्या त्या बारीक डोळ्यासमोर साउंडबार किंवा सेट टॉप बॉक्स ठेवलाय का, किंवा खिडकीतून थेट ऊन पडतंय का. बॉक्स चार बोटं सरकवला की झालं, असं कितीतरी वेळा होतं. एक लक्षात ठेवा, माईकचं बटण असलेले बरेच नवीन रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यात प्रकाश दिसला नाही म्हणून तो मेला असं नाही, तो टीव्हीशी परत पेअर करावा, म्हणजे जोडावा लागतो.

सगळी बटणं चालतात आणि नेमकं आवाजाचं किंवा चॅनलचं बटण चालत नाही, असं असेल तर सेल बदलून काही होणार नाही. रिमोट उघडला की रबराची एक शीट निघते, प्रत्येक बटणाच्या पाठीला काळा गोल ठिपका, त्याला कार्बन म्हणतात. तो खालच्या सर्किटवर टेकला की बटण लागतं. हाताचं तेल आणि धूळ आत जाऊन त्या ठिपक्यावर आणि सर्किटवर चिकट थर बसतो, बोट फिरवलं तरी जाणवतो. रबराची शीट साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा आणि सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओल्या केलेल्या इअरबडने हलक्या हाताने पुसा. ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नका, कार्बन निघून गेला की ते बटण कायमचं गेलं.

सेलबद्दल सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक नवीन आणि एक जुना टाकणं. वाटतं तेवढीच बचत, पण जुना लवकर संपतो, नवीन त्याच्यातून करंट ढकलत राहतो आणि तो जुना सेल गळायला लागतो. अल्कलाइन सेल गळला की टोकाशी पांढरी भुकटी दिसते. तो अल्कलीचा प्रकार आहे, नुसत्या हाताने पुसू नका, इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या, किंचित फेस येतो, मग कोरडं पुसून वाळू द्या. जो रिमोट महिनोन्‌महिने कपाटात पडून राहतो त्यातले सेल काढूनच ठेवा.

आणि टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं तर केबलवाल्याला फोन लावण्याआधी सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून बघा, कुणाच्या तरी हातून एचडीएमआय १ चं २ झालेलं असतं, बस एवढंच.

आता मोबाईल. चार्जिंग कधी होतंय कधी नाही, केबल एका ठराविक कोनात धरली तरच होतंय, अशा वेळी लोक दोन-तीन केबल आणतात, मग चार्जर बदलतात आणि शेवटी फोनच. आधी केबल लावताना टक्‌ असं बसतेय का ते बघा. बसत नसेल आणि थोडी बाहेर राहत असेल तर चार्जिंगच्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये कचरा आहे. खिशातला कपड्याचा लिंट, म्हणजे बारीक तंतू, रोज थोडा थोडा आत जातो आणि प्रत्येक वेळी केबल लावताना आपणच तो ठासून बसवतो. फोन बंद करा, टॉर्च मारून आत बघा, लाकडी टूथपिक कडेकडेने हळू फिरवा, आतून करड्या रंगाचा नमद्यासारखा दाबलेला गोळा निघतो, आणि एवढ्याशा जागेत एवढा कचरा होता यावर विश्वास बसत नाही. सुई, टाचणी, स्टेपलरची पिन अजिबात घालू नका, यूएसबी सी मध्ये मधोमध जी पातळ पट्टी असते तिच्यावर बारीक कॉन्टॅक्ट असतात, ते वाकले किंवा शॉर्ट झाले तर पूर्ण पोर्ट बदलायची वेळ येते. तोंडाने फुंकर पण नको, थुंकीचा ओलावा आत जातो.

पिनचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. फोनच्या खालच्या किंवा वरच्या कडेला जे एकटंच बारीक भोक असतं ते बऱ्याचदा माईकचं असतं. सिम ट्रेचं भोक समजून त्यात पिन दाबली की आतला माईक फाटू शकतो आणि मग समोरच्याला आपला आवाज दबका येतो. सिमचं भोक बहुतेक फोनमध्ये ट्रेच्या त्या लांबट रेघेतच असतं, आधी रेघ शोधा, मग पिन.

आईच्या फोनचं एकदा असं झालं की कॉल लागला की स्क्रीन काळी, कॉल कटच करता येईना. डिस्प्ले गेला असं एकाने सांगूनही टाकलं. नीट विचारल्यावर कळलं की आदल्याच दिवशी नवीन स्क्रीन गार्ड लावलं होतं, आणि ते वरच्या कडेला जरासं सरकून प्रॉक्सिमिटी सेन्सरवर आलं होतं. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद करायचं काम हा सेन्सर करतो, त्याला वाटत होतं फोन अजून कानालाच आहे. गार्ड काढलं, कॉल लावला, स्क्रीन लगेच उजळली. कानातला आवाज कमी येण्याचंही असंच, आधी वरच्या जाळीतली धूळ सुक्या मऊ टूथब्रशने झाडा.

फोन पाण्यात पडला तर तांदूळ नको, हे मी अगदी कळकळीने सांगतो. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाहीत, उलट त्यांची भुकटी आणि कण पोर्टमध्ये जातात, २०२४ मध्ये अ‍ॅपलनेसुद्धा आपल्या सपोर्ट पानावर तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं. पाणी एकट्याने तितकं नुकसान करत नाही, पाणी आणि करंट एकत्र आले की सर्किट कुजायला लागतं, म्हणून चालू आहे का बघू म्हणत बटण दाबणं आणि चार्जिंगला लावणं या दोन चुका सगळ्यात वाईट. लगेच बंद करा, कव्हर आणि सिम ट्रे काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच ठोका आणि पंख्याच्या हवेत ठेवा, एखादा दिवस तरी. हेअर ड्रायर नको, गरम हवेने सील सुटतात. आणि फोन आयपी ६८ (पाणी-धूळ आत न जाण्याचं रेटिंग) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती टेस्ट नव्या फोनवर गोड्या पाण्यात होते, साबणाचं पाणी, समुद्राचं पाणी, बाथरूममधली वाफ त्यात धरलेली नसते, शिवाय फोन एकदा पडला किंवा उघडला की सील पूर्वीसारखं राहत नाही.

बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करायची, नवीन फोन पहिल्यांदा आठ तास लावून ठेवायचा, हे सगळं निकेल कॅडमियमच्या काळातलं. लिथियम आयन बॅटरी १९९१ पासून बाजारात आहे, तिला ही सवय नको, उलट वारंवार शून्यावर नेलं तर ती लवकर थकते. तिची खरी शत्रू उष्णता. उशीखाली चार्जिंग, जाड कव्हरमध्ये चार्जिंग करता करता गेम, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन, याने बॅटरी जाते. मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगली आहे, तो दाबून बसवू नका, टोचू नका, चार्ज करू नका, बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या.

टीव्हीच्या किंवा फोनच्या स्क्रीनवर काच पुसायचा स्प्रे थेट मारू नका, कोटिंग जातं आणि थेंब ओघळून खालच्या कडेतून आत शिरतो. मायक्रोफायबर कापड, फार तर पाण्याने किंचित ओलं केलेलं.

फोन स्लो झाला की लोक दिवसातून दहा वेळा रिसेंटमधले अ‍ॅप उडवत बसतात, त्याने बॅटरी वाचत नाही, तेच अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त खर्च होते. आधी स्टोरेज बघा, ते काठोकाठ भरलं असेल तर व्हिडिओ दुसरीकडे हलवा आणि एकदा रिस्टार्ट करा. फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा करणं, सगळ्यात शेवटी, आणि तोही फोटो, कॉन्टॅक्ट, चॅटचा बॅकअप झालाय हे स्वतः उघडून बघितल्यावर. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधून न करता बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून रिसेट मारला तर फोन परत सुरू होताना आधीच्याच गुगल अकाउंटचा पासवर्ड मागतो, तो आठवत नसेल तर फोन तिथेच अडकतो, म्हणून रिसेट करायच्या आधी दुसऱ्या मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर त्या अकाउंटने एकदा लॉगिन करून बघा.