गरम झाली की बंद: जुन्या गाडीचा क्रँक सेन्सर घरी बदलताना

गोव्याहून चोर्ला घाट चढून आल्यावर कणकुंबीत चहाला थांबलात. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली तर सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन काही केल्या पकडत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्याच किल्लीला सुरू. असं दोन-तीनदा झालं की संशयितांच्या यादीत क्रँक सेन्सर पहिला, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा (क्रँकशाफ्ट) फिरताना कुठे आहे ते सांगणारा सेन्सर.

कारण साधं आहे. सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. गाडी चालू असताना वारा लागतो. थांबली की इंजिनची सगळी धग तिथेच कोंडते. तार कुठे चिरली असेल तर तापल्यावर ती चीर उघडते आणि थंड झाली की परत टेकते. म्हणून मिस्त्रीकडे पोचेपर्यंत गाडी ठणठणीत झालेली असते.

फ्लायव्हीलवर (क्लचकडच्या जड चाकावर) किंवा पुढच्या पुलीमागे एक दातेरी चकती असते. बऱ्याच गाड्यांत ती ६० दात्यांच्या हिशोबाची, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे प्रत्यक्षात ५८. त्या रिकाम्या जागेवरून इसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पिस्टन कुठे आहे ते कळतं. हा इशारा आला नाही तर इसीएम करंटही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा प्रकारच नसतो, तिथे वेगळं शोधा.

सेन्सर विकत आणण्याआधी खात्री करा. किल्ली ऑन केली की मागे पेट्रोल पंप दोनेक सेकंद घुर्र करून थांबतो. हे ऐकू आलं पाहिजे. मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. पुष्कळ गाड्यांत तो जरासा हलतो. अजिबात हलत नसेल आणि प्लगला ठिणगीही नसेल तर बोट क्रँक सेन्सरकडेच जातं. स्कॅनर असेल तर पी०३३५ किंवा पी०३३६ हा कोड दिसेल. मधूनच तुटणाऱ्या सिग्नलला पी०३३९. पी०३४० मात्र कॅम सेन्सरचा, त्यात गल्लत नको. आणि बॅटरी आधी तपासा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर चांगला सेन्सरही बदनाम होतो.

सेन्सरच्या जागा मुख्यतः तीन: गिअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगवर फ्लायव्हीलसमोर, पुढे क्रँक पुलीशेजारी, नाहीतर ब्लॉकच्या बाजूला ऑइल फिल्टरच्या आसपास. बहुतेक ठिकाणी दहा नंबरचा एकच बोल्ट असतो. खालून हात घालायचा असेल तर गाडी जॅकवर घेऊन लगेच घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात आणि हात आपसूक तिकडे जातो. चिरा वजनाखाली अचानक फुटतो, विटेचंही तेच. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी अडसर लावा, तिथे चिरा चालेल.

आता कपलर, म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लास्टिकचा जोड. नव्या सेन्सरवर पैसे घालून गाडी तशीच राहते, त्यात पुष्कळदा चूक इथे असते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कपलरची कडी दाबून तो सरळ ओढा. वायर धरून ओढू नका. जुन्या प्लास्टिकची कडी बिस्किटासारखी तुटते, म्हणून आधी बोटाने दाबून अंदाज घ्या. आत हिरवट पूड दिसली तर पिना गंजल्यात. खानापूर-जांबोटीच्या पावसात चार महिने भिजणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. कपलरमध्ये ऑइल आलं असेल तर ते कुठून गळतंय ते आधी शोधा. वायर फूटभर मागेपर्यंत हाताने चाचपत जा. ऊसतोड झाली की शिवारातले उंदीर घराकडे सरकतात आणि बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. कुरतडलेली जागा बऱ्याचदा टेपखाली लपलेली असते.

मग मीटर, म्हणजे मल्टिमीटर. दोन वायरचा सेन्सर म्हणजे वेटोळ्याचा. काहींत जाळीची तिसरी वायर असते, ती मोजायची नाही. मीटर २००० ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांवर टोकं लावा. साधारण २०० ते १५०० च्या मधला आकडा येतो, नेमका किती तो तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. समजा थंड असताना ८०० आला. आता हेअर ड्रायरने सेन्सर पाच मिनिटं तापवा, टोकं न हलवता. आकडा हळूहळू ९५०-१००० पर्यंत चढला तर घाबरू नका, तापलेल्या तांब्याचा तो स्वभावच आहे. चढता चढता एकदम मीटरवर नुसता १ किंवा ओएल दिसला आणि गार होताच आकडा परत आला, तर चोर सापडला. पिन आणि सेन्सरची लोखंडी बॉडी यांच्यात मात्र नेहमी १ किंवा ओएलच दिसला पाहिजे, आकडा नको.

तीन वायरचा सेन्सर बहुधा हॉल जातीचा, म्हणजे आत वेटोळ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, असतो. त्याला ओहम मोजायला जाऊ नका. बॅटरी परत जोडा, किल्ली ऑन करा आणि गाडीकडच्या कपलरमध्ये एका पिनवर ५ किंवा १२ व्होल्ट आणि दुसऱ्यावर पक्की अर्थिंग आहे का तेवढं बघा. तेच येत नसेल तर दोष वायरिंगमध्ये आहे, नवा सेन्सर आणून उपयोग नाही. तपासून झालं की निगेटिव्ह पुन्हा काढा.

खरेदीला जाताना चेसिस नंबर आणि शक्य झाल्यास जुना सेन्सर सोबत न्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक सेन्सर बदललेले असतात. काउंटरवरच दोन्ही शेजारी धरून पट्टीने मोजा: बोल्टच्या कानापासून टोकापर्यंतची लांबी. टोक आणि दाता यांच्यातलं अंतर बहुतेक गाड्यांत अर्धा ते दीड मिलिमीटरच असतं. त्यामुळे एक मिलिमीटर लांब सेन्सर दात्याला घासेल, एक मिलिमीटर आखूड असला तर थंडीतल्या सकाळी सिग्नल तुटेल. स्वस्तातल्या नकली मालाची गोम बहुधा इथेच असते.

काढण्याचं काम इंजिन गार असताना. आधी आजूबाजूचा चिखल ब्रशने आणि फडक्याने काढा. चिकोडी-अथणीकडची काळी माती वाळली की दगड होते आणि सेन्सर उचलताच तिचे खडे भोकात पडतात. बोल्ट गंजला असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. बॉक्स पाना वापरा, फिक्स पान्याने डोकं गोल होतं. बोल्ट किंचित सैल, परत किंचित आवळ, असं करत काढा.

बोल्ट निघाला तरी सेन्सर जाम असतो, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड गंजून फुगलेले असतात. त्याला स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. कान पकडून डावीकडे-उजवीकडे फिरवा, स्प्रे मारा, पुन्हा फिरवा. वीस मिनिटं लागली तरी लागू देत. वरचा भाग तुटून खालचा अडकलाच तर त्याला हातोड्याने आत ठोकायचं नाही, तो फ्लायव्हीलवर पडला तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. प्लास्टिकमध्ये एक पत्र्याचा स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पकडीने सरळ वर ओढा.

भोकात जुनी ओ रिंग (रबराची गोल रिंग) राहिली नाही ना, टॉर्च मारून बघा. भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने पुसा, कचरा आत जाऊ न देता. नव्या ओ रिंगला बोटाने ऑइलचा थेंब चोळा आणि सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसवा. बोल्टने ओढून बसवू नका, कान तडकतो. बसायच्या जागी सिलिकॉन किंवा एमसील अजिबात नको, त्याच्या थराने अंतर वाढतं. बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर, म्हणजे छोट्या पान्याने नुसत्या मनगटाच्या जोराने. वायर जुन्याच वाटेने, जुन्याच क्लिपांत. सायलेन्सरच्या पाइपाला किंवा प्लगच्या वायरींना टेकली तर पुन्हा तोच खेळ. कपलर तुटला म्हणून वायर कापून जोडावी लागली तर दोन वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका; वेटोळ्याच्या सेन्सरमध्ये त्याने टायमिंग बिघडतं.

बॅटरी जोडा, कोड पुसा, सुरू करा. आयडलिंग थोडा वेळ वरखाली होईल, बॅटरी काढल्याने ते होतं. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत जागेवर चालू ठेवा, मग बंद करून दहा मिनिटांनी, धग कोंडलेली असतानाच, पुन्हा किल्ली मारा. खरी परीक्षा ही.

काही गाड्यांत नव्या सेन्सरनंतर स्कॅनरने लर्निंग करून घ्यावं लागतं, ते गॅरेजमध्येच होतं. आणि तोच कोड परत आला, विशेषतः नुकतंच क्लचचं काम झालेलं असेल, तर दुसरा सेन्सर आणू नका. फ्लायव्हील बदललं होतं का ते विचारा, आणि सेन्सरच्या भोकातून टॉर्च मारून पुली हाताने सावकाश फिरवत एकेक दाता बघा.