रोजचा व्यायाम दोन आठवड्यांत का सुटतो, आणि कसा टिकवला

आधी चूक सांगतो. 'ऑफिसहून आल्यावर व्यायाम' असं ठरवलं की तो सुटतोच. लोकल लेट झाली, दादरला गाडी सोडावी लागली, की वेळ सरकते आणि तिच्यासोबत व्यायामही. व्यायाम सुरू करायची खूण अशी हवी जी रोज त्याच वेळी येते. आपल्याकडे ती म्हणजे पहाटेचं नळाचं पाणी. पाणी भरून मोटर बंद केली, की लगेच चटई. मध्ये चहा नाही, मोबाईल तर नाहीच. तो रात्रीच स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा.

सुरुवात 4 सूर्यनमस्कारांनी. दर आठवड्याला 2 वाढवत 12 पर्यंत. पहिल्याच दिवशी 25 घातले की तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि खाडा पडतो.

अडचणीचं उत्तर आधीच लिहून ठेवावं: 'पाणी उशिरा आलं, तर साडेसहाला सुरू.' 'झोप झाली नसेल, तर फक्त 2.' जर-तरची ही पद्धत पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडली, आणि ती खरंच उपयोगी आहे, कारण ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

21 दिवसांत सवय लागते, यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणासाठी अंदाज 254 पर्यंत गेला. एखादा खाडा पडल्याने तिथे फारसं बिघडलं नव्हतं. म्हणून कॅलेंडरवर फुली मारताना नियम एकच: सलग दोन चौकोन रिकामे नकोत.